दरवाजे उभे आहेत, कोट कुठे आहे?

छत्रपती संभाजीनगरात कुणालाही विचारा, शहराला दरवाजे किती? बावन्न, हे उत्तर लगेच येते. पण ते दरवाजे ज्या भिंतीत बसवले होते ती भिंत कुठे आहे, असे विचारले की माणूस थांबतो. नदीकाठचा एखादा तुकडा, एखादा अर्धा बुरूज, कुणाच्या तरी घराची मागची बाजू होऊन राहिलेले चार हात काळे दगड, एवढेच आठवते. त्या भिंतीच्या आत, वायव्य कोपऱ्यात, आणखी एक स्वतंत्र कोट होता. तो तर बहुतेकांना केवळ पत्त्यातून माहीत आहे. किलेअर्क. रिक्षावाल्याला सांगायचा हा पत्ता म्हणजे मोगलांच्या दख्खन राजधानीचा बालेकिल्ला. त्याच्या जागेवर आज महाविद्यालये, सरकारी इमारती, विश्रामगृह आणि दाट वस्ती आहे.

शहराचा तट आणि हा अर्क यांच्याविषयी आजवर काय हाती आले आहे, त्यातले काय भरवशाचे आहे आणि काय तपासून घेता येण्यासारखे आहे, याचा हा आढावा. त्याची निकड आताच आहे, कारण गेल्या काही वर्षांत नव्या जलवाहिनीसाठी, गॅसच्या नळांसाठी आणि ड्रेनेजसाठी जुन्या शहरात चरावर चर खणले गेले. जमिनीखालच्या भिंतींना छेद देणारा प्रत्येक चर ही एक उघडलेली पोथी असते. ती वाचायला माणूस हजर नसेल, तर संध्याकाळी माती लोटली की पान कायमचे जाते.

आधी बावन्नचा हिशेब. १८८४ च्या औरंगाबाद गॅझेटियरात शहराच्या तटाला चार दिशांचे चार मोठे दरवाजे सांगितले आहेत: उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का, म्हणजे आपला मकाई गेट. त्याखेरीज दुय्यम दरवाजे नऊ. म्हणजे तटात उघडणारी मुख्य तोंडे तेराच्या आसपास. बावन्न ही लोकपरंपरेतली बेरीज आहे. तीत शहराच्या तटाचे, बेगमपुऱ्याच्या वेगळ्या कोटाचे, किलेअर्कचे आणि मोहल्ल्यांच्या तोंडाशी असलेले दरवाजे एकत्र येतात. त्यांचा काळ वेगळा, काम वेगळे. त्यांची एकच यादी केली की शहराची वाढ कशी होत गेली हेच दिसेनासे होते.

भडकल गेटचे उदाहरण घ्या. तो मलिक अंबरचा, १६१२ चा. खडकी गाव निवडून अंबरने निजामशाहीचे नवे ठाणे १६१० च्या सुमारास इथे वसवले आणि मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून हा दरवाजा उभारला, असे मानले जाते. पुढे त्याच्या आत नौखंडा राजवाडा उभा राहिला. शहराचा तट मात्र १६८२ चा, औरंगजेबाच्या हुकुमाचा. म्हणजे भडकल उभा राहिला तेव्हा आज आपण समजतो ती भिंत नव्हतीच, आणि पुढची सत्तर वर्षेही नव्हती. याला स्वतंत्र साक्षीदार आहे. फ्रेंच प्रवासी झाँ द तेवनो १६६६-६७ मध्ये हिंदुस्थानात फिरला. औरंगाबादचे वर्णन करताना त्याने हे मोठे शहर असल्याचे, सुभ्याची राजधानी असल्याचे आणि त्याला तटबंदी नसल्याचे नोंदवले आहे. हे एक वाक्य माझ्या मते या सगळ्या प्रश्नातला सर्वांत मोलाचा कागद आहे. भडकल हा राजवाड्याकडे नेणारा, मिरवायचा दरवाजा होता. त्याला पैठण गेटच्या रांगेत बसवणे म्हणजे दोन राजवटी आणि दोन हेतू यांची सरमिसळ करणे.

तटाशिवाय राजधानी चालली कशी? खडकी हे पहिल्यापासून सरहद्दीचे शहर होते. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर मोगल फौजेने खडकी जाळली. अंबरने ती पुन्हा उभी केली. १६२६ मध्ये तो वारला आणि मुलगा फत्तेखान याने शहराला फतेहनगर हे नाव दिले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि त्याने इथेच ठाण मांडले. संकटाच्या वेळी पाठीशी देवगिरीचा दुर्ग होता, घोड्यावरून काही तासांच्या अंतरावर. शहराने मोकळे राहायचे आणि किल्ल्याने ताठ उभे राहायचे, अशी ही वाटणी होती.

ती वाटणी मराठ्यांनी मोडली. १६८१ च्या सुरुवातीला छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर लुटले. बऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेचे दार; ते इतक्या सहज उघडते म्हटल्यावर औरंगाबादचे काय, हा प्रश्न बादशाही दरबारात उठणारच होता. १६८२ मध्ये औरंगजेब स्वतः इथे आला आणि त्याच वर्षी तट बांधायचा हुकूम झाला. ज्या राजाच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने हा तट उभा राहिला, त्याच राजाचे नाव आज या शहराला आहे. तटाच्या उरलेल्या दगडांकडे मराठी माणसाने आपुलकीने पाहावे याला एवढे कारण पुरे.

तट कसा होता? गॅझेटियर लांबी सहा मैलांहून थोडी जास्त देते, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर, आणि उंची साधारण चौदा फूट. मोक्याच्या जागी अर्धगोल बुरूज, वर बंदुकीसाठी जंग्या ठेवलेल्या चर्या. चौदा फूट ही उंची लक्षात ठेवण्यासारखी आहे. परांड्याचा, नळदुर्गाचा किंवा देवगिरीचा तट ज्याने पाहिला आहे त्याला ती किरकोळ वाटेल. मोठ्या तोफा लावून महिनोन्‌महिने चालणारा वेढा सोसण्यासाठी ही भिंत बांधलेलीच नव्हती. ती बांधली होती घोडदळाला रोखण्यासाठी. चौदा फुटांची भिंत घोडा ओलांडू शकत नाही. लुटीला आलेल्या तुकडीला दरवाज्याशीच यावे लागते आणि तिथे पहारा असतो. रात्री दरवाजे मिटले की पेठा सुरक्षित. दिवसा त्याच दरवाज्यांवर माल मोजला जातो, जकात वसूल होते, कोण आले आणि कोण गेले हे कळते.

इथे रोमन सरहद्दीची आठवण होते. स्कॉटलंडमध्ये रोमनांनी इसवी सन १४२ च्या सुमारास अँटोनाइनची भिंत घातली, सुमारे साठ किलोमीटर, दगडी पायावर रचलेल्या गवताळ मातीच्या ढेपांची. तिच्या अंगाने मोठी ठाणी होतीच, पण मधल्या मधल्या टप्प्यांवर दहा-बारा शिपायांची लहान गढीवजा ठाणी होती. अशी एकेचाळीसपर्यंत असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांचे काम वेढे सोसण्याचे नव्हते. ये-जा ताब्यात ठेवण्याचे होते. त्यातले एक रॉबर्ट सिबाल्ड या विद्वानाने १७०७ मध्ये कार्लीथच्या शेतावर पाहिल्याचे लिहून ठेवले होते. नंतर ते हरवले. १९७० आणि ८० च्या दशकांत शोधूनही सापडले नाही. आणि २०२३ मध्ये ते सापडल्याचे जाहीर झाले, एका प्राथमिक शाळेशेजारच्या जमिनीखाली, एक कुदळही न मारता. जमिनीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक फरक मोजणारे उपकरण घेऊन संशोधक मैदानावरून चालले आणि गाडलेल्या दगडी पायाची आकृती कागदावर उमटली. त्याआधी अशी केवळ नऊ ठाणी सापडली होती; हे दहावे.

आपल्या गॅझेटियरला दीडशे वर्षेही झालेली नाहीत. स्कॉटलंडमधल्या त्या नोंदीहून ते कितीतरी सविस्तर आहे. आणि आपला कोटही शैक्षणिक संस्थांच्या आवारात आहे.

आता अर्क. दिल्ली आणि मक्का या दोन दरवाज्यांच्या मधली जवळजवळ सगळी जमीन त्याने व्यापली होती. चार-पाच दरवाजे, नगारखाना, जंग्यांच्या भिंती, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज आणि त्यांवर एके काळी तोफा. आत जाताना उजव्या हाताला एक उंच चौथरा, साऱ्या आवाराच्या लांबीइतका. बागा, हौद, कारंजी, हमाम, दरबाराची जागा, मशीद, मर्दाना महाल, जनाना महाल. रंगीन दरवाजा, काळा दरवाजा आणि नौबत दरवाजा हे याच कोटाचे मानले जातात. दक्षिणेकडे जुना बाजार, जामा मशीद आणि आमखास मैदान. मैदानाने दरबाराचे नाव जपले आहे. ते आता मुलांच्या खेळांचे, सभांचे आणि मोर्चांचे आहे. १९२३ मध्ये सुरू झालेले शासकीय महाविद्यालय किलेअर्कच्याच परिसरात आहे आणि चित्रकलेचे शासकीय महाविद्यालयही. कित्येक पिढ्यांनी बालेकिल्ल्याच्या अंगणात पदव्या घेतल्या.

अर्कच्या बांधकामाचा रूढ सन १६९२. तो सगळीकडे छापला जातो, पर्यटकांच्या पाट्यांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत. यावर मात्र थोडे थांबायला हवे. औरंगजेब १६८३ च्या अखेरीस औरंगाबाद सोडून अहमदनगरला गेला. पुढे विजापूर, गोवळकोंडा, गलगले, भीमेकाठची ब्रह्मपुरी, सातारा, पन्हाळा अशी त्याची छावणी फिरत राहिली, आणि १७०७ मध्ये अहमदनगरला त्याचा अंत झाला. राजधानी म्हणून औरंगाबादला तो राहायला परतला नाही. मग १६९२ मध्ये राजवाड्यासह एवढा मोठा कोट कुणासाठी? सुभेदारासाठी आणि शाही कुटुंबासाठी, हे उत्तर शक्य आहे. दुसरीही शक्यता आहे: १६५३ पासून शाहजादा म्हणून तो इथे राहत होता तेव्हाच या जागी महाल, बाग आणि भिंत असावी, तट झाल्यावर तिला कोटाचे रूप आले असावे, आणि १६९२ हे त्या कामाच्या शेवटच्या टप्प्याचे वर्ष असावे. मला हे दुसरे उत्तर अधिक पटते. तेवनोच्या वर्णनात तटबंदी नाही, पण सुभेदाराचा मुक्काम इथे आहे, आणि शाहजहानच्या काळात औरंगजेब इथूनच कारभार पाहत असे याचीही आठवण आहे. राज्यकर्ता राहत होता म्हणजे त्याचा वाडा होता.

यात माझे पटणे महत्त्वाचे नाही, कारण हा वाद दगड सोडवू शकतात. अर्कची भिंत शहराच्या तटाला जिथे मिळते तिथला सांधा पाहायचा. दोन्ही भिंती एकाच वेळी रचल्या असतील तर दगड एकमेकांत गुंतवलेले दिसतील. एक आधीची असेल तर दुसरी तिला नुसती टेकलेली असेल, मधे सरळ उभी चीर. जी टेकली ती नंतरची. पाया उघडण्यासाठी दोन मीटर लांबीचा खड्डा पुरेल.

असा सांधा किती बोलका असतो याचा दाखला लंडनचा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबवर्षावाने लंडनचा क्रिपलगेट भाग भुईसपाट झाला. पुढच्या वर्षांत डब्ल्यू. एफ. ग्राइम्स या पुरातत्त्वज्ञाने तिथल्या उघड्या पडलेल्या तळघरांमध्ये उत्खनन केले. शहराच्या रोमन तटाचा एक भाग तिथे दुहेरी निघाला: एकाला लागून एक अशा दोन भिंती. त्यावरून उलगडले की इथे आधी, इसवी सन १२० च्या सुमारास, साधारण दोनशे मीटर बाजूचा एक लष्करी किल्ला होता, आणि इसवी सन २०० च्या सुमारास शहराचा तट बांधताना त्याच्या दोन बाजू जाड करून वापरून घेतल्या. तोवर लंडनमध्ये असा किल्ला होता हेच कुणाला ठाऊक नव्हते. त्याच्या पश्चिम दरवाज्याचे अवशेष आज रस्त्याखालच्या वाहनतळालगत जपून ठेवले आहेत.

मुंबईचा अनुभव उलट दिशेचा. तिथला कोट १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत शहर वाढवण्यासाठी पाडला. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातला भिंतीचा तुकडा तेवढा मागे राहिला. मात्र मुंबईचे नकाशे इतके नेमके आहेत की कोट कुठून जात होता हे सांगता येते.

आपल्याकडे कोट कुणी एका हुकुमाने पाडला नाही. तो झिजत गेला. १७६३ मध्ये निजाम अलीने राजधानी हैदराबादला नेली आणि अर्कच्या महालांचे काम संपले. माणसे गेली, छपरे बसली, चुना सुटला. घडीव दगड समोर तयार असताना लोक खाणीत कशाला जातील? तटाचे दगड घरांत, कुंपणांत, पायऱ्यांत गेले. त्यात दोष देण्यासारखे काही नाही, गरिबाने घर बांधले. विसाव्या शतकात रस्ते रुंद झाले आणि दरवाजे रस्त्याच्या मधोमध किंवा कडेला एकटे पडले. भिंत दोन्ही बाजूंनी गेली आणि दरवाजा उरला, की तो चौकातल्या शोभेच्या कमानीसारखा दिसू लागतो. अलीकडे स्मार्ट सिटीतून काही दरवाज्यांची डागडुजी झाली, दिवे लागले. त्याचा मला आनंद आहे. पण त्याच दरवाज्यांच्या बाजूला वीस-पंचवीस फुटांवर तटाचा पाया असणार, आणि त्याची खूण जमिनीवर कुठेही नाही.

संशोधकांचे लक्ष इकडे का वळले नाही, याचे उत्तर या जिल्ह्याच्या श्रीमंतीत आहे. हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये गुलाम याझदानी यांच्या हाताखाली सुरू झाले. अजिंठा आणि वेरूळ शेजारी असताना त्यांनी आपले बळ लेण्यांवर लावले, आणि त्या चित्रांचे जतन हे त्यांचे थोर काम आहे. नंतरच्या उत्खननांना प्राचीन काळाची ओढ होती. पैठणला १९३७, १९६५ आणि १९९० च्या दशकात उत्खनने झाली. भोकरदन १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून खणले. तेर आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडाने रोमशी चाललेल्या व्यापाराचे पुरावे दिले. ब्रह्मपुरीची पॉसिडॉनची कांस्यमूर्ती तर जगप्रसिद्ध झाली. रोमचे शिपाई इथे कधी आले नाहीत, त्यांचा माल आला, आणि त्या मालाच्या शोधात आपण फार चांगले काम केले. सतराव्या शतकातल्या शहराकडे मात्र इतिहासकारांनी फार्सी कागदांतून पाहिले, मातीतून नाही.

अपवाद नहरींचा. नहर-ए-अंबरी आणि पाणचक्कीची नहर यांचा माग अभ्यासकांनी आणि हौशी शहरवासीयांनी पायी फिरून काढला. हर्सूलच्या बाजूने जमिनीखालून येणारे पाटनळ, हवा आणि दाब सांभाळण्यासाठी बांधलेले मनोरे, मातीचे नळ हे सगळे जागेवर जाऊन पाहिले गेले आहे. किलेअर्कपासून देवगिरीपर्यंत भुयार होते, अशी समजूत शहरात आहे. मला तिचा उगम या नहरींत दिसतो. माणूस वाकून जाऊ शकेल असा दगडी बोगदा घराच्या पायात अचानक लागला, तर त्याला भुयार म्हणणे स्वाभाविक आहे. नहरीवरचे काम सांगते की या शहरात जमिनीखालचे शोधता येते. तटासाठी तसे कुणी चाललेले नाही.

तंत्राबाबत एक इशारा. स्कॉटलंडमध्ये यशस्वी झालेली चुंबकीय मोजणी इथे तशीच उचलून चालणार नाही. आपला बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय आहे. मुरूम, डबर, भराव यांत त्याचेच तुकडे असल्याने भिंतीची आकृती गोंगाटात बुडते. काळ्या चिकणमातीत जमिनीत शिरणाऱ्या रडारच्या लहरी लवकर विरतात. इथे विद्युतरोधाची मोजणी अधिक उपयोगाची, आणि तीही पावसाळा संपल्यावर लगेच, मातीत ओल असताना. ओली माती वीज वाहू देते, दगडी पाया अडवतो, आणि तो फरक रेघेसारखा उमटतो. नंतर जमीन सुकू लागली की मोकळ्या मैदानावरचे गवत ड्रोनने टिपावे. भिंतीवर मातीचा थर पातळ असतो, तिथले गवत आधी पिवळे पडते. आमखास मैदान आणि महाविद्यालयांची मोकळी आवारे या दोन्ही कामांना योग्य आहेत.

दुसरी अडचण खोलीची. पैठणसारख्या नदीकाठच्या पांढरीत वस्तीचे थर एकावर एक साचत जातात. या शहरात कठीण मुरूम बऱ्याच ठिकाणी वरच लागतो. तटाचा पाया त्यावर बसला असेल तर वर झाकायला मातीच थोडी. म्हणून इथल्या इमारतीचा साधा पायाही जुन्या पायाला आरपार कापतो. जे गेले ते गेले. जे उरले ते रस्त्यांखाली, मैदानांखाली आणि आवारांच्या कडेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. रस्ते मात्र पुन्हा पुन्हा खणले जातात.

कायद्याचा आधार अपुरा आहे. संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूला तो कवच देतो. न दिसणारा, जाहीर न झालेला पाया त्यात येत नाही. यासाठी नवा कायदा व्हायची वाट पाहण्याची गरज नाही. तटाची संभाव्य रेषा जुन्या नकाशांवरून आजच्या नकाशावर आखावी, तिच्या दोन्ही बाजूंचा दहा-दहा मीटरचा पट्टा महापालिकेने नोंदवावा, आणि त्या पट्ट्यात खोदकामाचा परवाना देताना एकच अट घालावी: चर बुजवण्याआधी एका प्रशिक्षित माणसाने तो पाहायचा, मोजपट्टी लावून फोटो काढायचा, खोली लिहायची. अर्ध्या तासाचे काम आहे. इतिहास आणि पुरातत्त्वाचे विद्यार्थी ते आनंदाने करतील. पाच वर्षांत अशा काही शे नोंदी जमल्या, तर तट कुठे कुठे टिकून आहे याचा पहिला खरा नकाशा तयार होईल.

आणि अर्कचा सांधा. ज्या मराठवाडा विद्यापीठाने भोकरदन खणले ते बेगमपुऱ्याच्या पलीकडेच आहे. राज्य पुरातत्त्व विभागाची परवानगी, दोन मीटरचा खड्डा, पावसाळ्यानंतरचे दोन आठवडे. दिल्ली गेट ते मकाई गेट या टप्प्यात जिथे दोन्ही भिंतींचे दगड अजून एकमेकांजवळ उभे आहेत, ती जागा आधी निश्चित करून कुंपणाखाली घ्यावी, आणि पुढचा चर तिथून जायच्या आत खड्डा घ्यावा.